जो काढी त्याना मासा

भिलाआप्पाचा राग म्हणजे कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ. भडकायचा आणि विझायचा, मागे निखारासुद्धा उरायचा नाही. सकाळी ज्या गड्याला शिव्या घातल्या, त्यालाच दुपारी स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडून द्यायचा. म्हणून गोपालवरचा राग त्याने आख्खं वर्ष जपला, तेव्हा त्याच्या बायकोला, सुंदरबाईला, भीतीच वाटायला लागली.

गोपाल काही परका नव्हता. सारंगखेड्याच्या वरच्या अंगाला तापीच्या काठी दोघांचं एकच गाव. भिलाची पपई आणि कापूस, गोपालची केळी. गोपाल गुजर समाजाचा. त्यांच्या घरात माशाचं नावही निघत नसे आणि गोपालने आयुष्यात माशाचा तुकडा तोंडात घातला नव्हता. पण पोरवयात भिलाच्या संगतीने त्याने बांबूची काठी हातात धरली आणि पाण्यात गळ टाकायचा जो नाद लागला तो सुटला नाही. हिवाळ्यात नदीवरच्या बॅरेजचे दरवाजे बंद होऊन पाणी गावापर्यंत चढलं की दोघं काठावर शेजारी शेजारी बसायचे. कणकेच्या गोळ्यात शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर बडीशेप. मोरपिसाची दांडी पाण्यावर उभी. ती बुडाली की झटका. भिलाचा मासा घरी रश्श्यात जायचा. गोपाल मात्र आपला मासा पाण्यातल्या पाण्यात गळातून सोडवायचा आणि "जाय भाऊ, जाय" म्हणून सोडून द्यायचा. तरीही जसोदाबाई, त्याची बायको, आंघोळ केल्याशिवाय त्याला उंबऱ्याच्या आत घेत नसे. त्या आंघोळीवरून भिला त्याला जन्मभर चिडवत आला होता.

मग गोपालच्या मुलाने, दिनेशने, सुरतहून बापासाठी एक लांबलचक पिशवी पाठवली. पिशवीत कार्बनचा रॉड, लोण्यासारखं फिरणारं रील, केसाएवढी बारीक विणलेली दोरी, मासा लागला की वाजणारी घंटी आणि पिवळ्या प्लास्टिकचा एक गोळा. गोळा पाण्यात फेकला की खालचे मासे मोबाईलवर दिसायचे.

"तू बी धरी देख," गोपालने पहिल्याच दिवशी रॉड पुढे केला.

"मन्ही काठी बरी शे," भिला म्हणाला.

"अरे, आपन इतला साल आंधयासारखा गळ टाकना. खरी मज्या आते शे."

भिलाला ते लागलं. इतक्या वर्षांत आपल्याला मजा आलीच नव्हती, असं हा कसं म्हणतो? आपण काय केलं मग इथं बसून? हळूहळू गोपाल शेजारी बसेनासा झाला. मोबाईल हातात धरून काठाकाठाने फिरायचा, मासे दिसले की तिथून फेकायचा, काढायचा, फोटो सुरतला पाठवायचा आणि पुढे जायचा. पाठवल्या फोटोला उत्तर आलं की भिलाला वाचून दाखवायचा. इथवरही भिलाने खपवून घेतलं होतं.

एका दुपारी मात्र भिलाच्या गळाला कटला मासा लागला. एवढा मोठा की पाठ वर आली तेव्हा पाटच उलटा तरंगतोय असं वाटलं. भिला उठून उभा राहिला, चिखलात दोन पावलं आत गेला, काठी कमानीसारखी वाकली, आणि कटल्याने एकदा शेपूट फिरवलं तशी काठी मधोमध कडाडली. भिला मागे चिखलात बसला. काठीचा पुढचा तुकडा दोरीसकट पाण्यावरून आत ओढला जायला लागला.

"गोपाल!" भिला ओरडला.

गोपालने पाहिलं. पिशवीतून तीन तोंडांचा गळ काढून दोरीला अडकवला, आणि तरंगत जाणाऱ्या तुकड्याच्या पलीकडे असा नेमका फेकला की भिलाच्या तोंडून "वा!" निघून गेलं. तुकडा अडकला. गोपालने रील फिरवलं, मासा पळाला की दोरी सोडली, दमला की ओढली, आणि शेवटी कटला काठाला आणला. भिला हात पुढे करून चिखलातून धावला.

गोपालने मासा त्याच्या हाताला लागूच दिला नाही. कल्ल्यात बोटं घालून वर उचलला, काठावर पाणी उपसणाऱ्या पंपावरच्या माणसाला हाक मारली, मोबाईल त्याच्या हातात दिला. उभ्याने फोटो, बसून फोटो, काळा चष्मा लावून फोटो. मग सुरतला व्हिडिओ कॉल. कटला गोणपाटावर पडून तोंड उघडत होता, मिटत होता.

"गोपाल, मासा मन्हा शे," भिला म्हणाला. "त्याना तोंडमा देख. गळ मन्हा शे."

गोपालने मोबाईलवरून नजर काढली नाही. "जो काढी त्याना मासा, भिला. तुन्ही काठी मोडनी, त्याले मी काय करू?"

कॉल संपेपर्यंत कटला मेला. माशाला इजा होऊ नये म्हणून जो माणूस बोटभर मासाही ओल्या हाताशिवाय धरत नसे, त्याने तो पंपावरच्या माणसाला देऊन टाकला आणि रॉड पुसायला घेतला.

संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर गेला. खाली 'गोपालभाईंचा विक्रम'. आणि गोपाल सांगेल ती गोष्ट तोंडोतोंडी झाली: काठी मोडली, भिलाआप्पा चिखलात फतकल मारून बसला, आणि गोपालशेठने सुरतच्या सामानाने मासा काढला. सारंगखेड्याच्या चहाच्या टपरीवर भिलाला लोक विचारायला लागले, "आप्पा, चिखल थंडा व्हता का?" भिला हसला. पहिल्यांदा हसला, दुसऱ्यांदा हसला. घरी आल्यावर ताटावरून उठून गेला.

"त्यानी मासा मारी टाका," तो सुंदरबाईला म्हणाला. "फोटोकरता. मन्हा मासा."

"जाऊ द्या ना. दोस्त शे तुमना."

"तेच तं."

पपईचा तोडा आटोपला तसा भिला सुरतच्या गाडीत बसला. सुंदरबाईला सांगितलं, फवारणीचा पंप पाहायला जातो. परत आला तेव्हा त्याच्या खांद्याला गोपालच्या पिशवीसारखीच लांबलचक पिशवी होती. सुंदरबाईने पिशवीकडे पाहिलं, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पंपाचं काय झालं ते विचारलं नाही.

भिलाने ते सामान नदीवर नेलंच नाही. नदीवर गोपाल दिसला असता. पपईच्या बागेमागे कापूस उपटून मोकळं झालेलं रान होतं. तिथे त्याने शेणाचं घमेलं ठेवलं आणि दोरीला जुना नट बांधून घमेल्यात फेकायला शिकू लागला. आधी नट भलतीकडे गेला, पपईच्या पानांत अडकला, एकदा त्याच्याच पाठीत बसला. दोरीचा असा गुंता झाला की सोडवताना दिवस मावळला. पण हातातलं कौशल्य हाताला पटकन सापडतं. उन्हाळा संपायच्या आत नट घमेल्यात टण्णकन पडू लागला. मग त्याने घमेलं काढून लोटा ठेवला.

आणि एक गोष्ट त्याला कुणाजवळही बोलता येईना. त्याला मजा येत होती. मनगटाच्या एका हिसक्याने दोरी सुसाट निघायची, रानाच्या त्या टोकाला जाऊन पडायची, आणि तिथल्या ढेकळावरून नट घसरला तरी इथे बोटाला कळायचं. बांबूला हे कधी कळलं नव्हतं. ज्या सामानाला शिव्या घालत आलो ते इतकं गोड निघावं, याचा त्याला गोपालपेक्षाही जास्त राग यायचा. मग तो लोट्याच्या जागी गोपालचं तोंड आहे असं समजायचा आणि आणखी जोरात फेकायचा.

सुंदरबाई एकदा न्याहारी घेऊन रानात आली आणि बांधावर उभी राहून बघू लागली.

"तुमले मज्या येई ऱ्हायनी," ती म्हणाली.

"मज्या नही. काम शे."

"कसानं काम?"

भिलाने पुन्हा दोरी फेकली. नट लोट्यावर आपटला आणि लोटा कलंडला.

हिवाळा आला, घोड्यांच्या यात्रेचे दिवस आले. सारंगखेड्याच्या मैदानात घोडे उतरले, राहुट्या पडल्या, रस्त्याला गाड्यांची रीघ लागली. दिनेश सुरतहून चार मित्रांना घेऊन आला. सकाळी घोडे पाहायचे आणि मग गोपालशेठसोबत तापीवर मासे धरायचे, असा बेत. गोपालने गावभर सांगितलं होतं. ज्याला बघायचं त्याने यावं.

भिला गेला. पाठीवर पिशवी.

गोपालने पिशवी पाहिली आणि टाळीच वाजवली. "वा रे वा! देखा, मन्हा भिला बी सुधरना!" पाहुण्यांकडे वळून तो म्हणाला, "हाच तो. चिखलवाला."

पाहुणे हसले. दिनेशही हसला, पण भिलाकाकासमोर जरा ओशाळून. भिला हात जोडून म्हणाला, "राम राम," आणि सगळ्यांना ओलांडून वरच्या अंगाला निघून गेला.

तिथे काठापासून थोड्या अंतरावर बाभळी बुडालेल्या होत्या. बॅरेज व्हायच्या आधी तिथे भिलाचंच एक शेत होतं, आणि शेताच्या बांधाला दाट बाभळींची रांग. पाणी चढलं, झाडं वाळली, उभीच राहिली. वरून काही दिसत नाही, खाली नुसता काट्यांचा पिंजरा. मासे तिथेच राहतात, हे गावात सगळ्यांना माहीत. आणि तिथे टाकलेला गळ परत येत नाही, हेही सगळ्यांना माहीत. गोपालला तर पक्कं माहीत. त्याचे दोन गळ तिथेच गेलेले. फक्त एक होतं. भिलाची बैलगाडी ज्या वाटेने शेतात जायची तेवढी वाट मोकळी होती, आणि ती नेमकी कुठे ते भिलाच्या पायांना ठाऊक होतं.

त्याने गाडवाटेवर गळ टाकला. घमेल्यात टाकावा तसा. दोन्ही बाजूंना बाभळी, मधल्या पट्ट्यात त्याची कणीक. थोड्या वेळाने रॉडचं टोक वाकलं आणि रील सणसणलं. रोहू होता, चांगला हातभर. भिलाने तो काढला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला, टोपलीत टाकला. आणखी एक काढला. तिसरा काढताना मुद्दाम ओरडला, "अरे बापरे!"

तो पाण्याकडे बघत होता, पण कान मागे होते. गोपालला तो जन्मापासून ओळखत होता. भिलाला मासा लागतोय आणि आपल्याला नाही, हे गोपालला पोरवयातही सहन व्हायचं नाही. काठी उचलून हळूच शेजारी येऊन बसायचा. तेव्हा भिला सरकून जागा द्यायचा. आता पाहुण्यांसमोर तो किती वेळ तग धरणार? भिला वाट बघत राहिला. वर्षभर ज्या घटकेसाठी लोटे पाडले ती घटका जवळ आली होती.

पावलं वाजली. गोपाल आला, मागे पाहुणे. पिवळा गोळा पाण्यात गेला आणि मोबाईलवर माशांची गर्दी दिसली.

"बापू, कितने हैं देखो!" एक पाहुणा म्हणाला.

"आठे बाभयी शेतस, भिला," गोपाल हळू आवाजात म्हणाला.

"हाव. शेतस ना."

"मंग तू कसा काढी ऱ्हायना?"

"रॉड चांगला शे," भिला म्हणाला.

गोपालच्या मानेवरची शीर फुगलेली त्याने पाहिली. गोपालने गळ टाकला. अडकला, तुटला. दुसरा बांधला, तोही तुटला. तिसऱ्याच्या वेळी पाहुण्यांमध्ये खुसखुस झाली आणि दिनेश म्हणाला, "बापू, आपन खाले जाऊ ना." गोपाल त्याच्यावर खेकसला. चौथा गळ पाण्यात पडला आणि रॉड एकदम खाली गेला. घंटी किंचाळायला लागली.

मोठा होता. भिलाने आतापर्यंत काढलेल्यांच्या दुप्पट. तो थेट बाभळीत शिरला, एका खोडाला वळसा घालून पलीकडे पाण्यावर आला आणि तिथेच धडपडू लागला. लालसर कल्ले उन्हात दिसत होते. गोपालने ओढलं की दोरी खोडावर घासायची. सोडली की मासा आणखी गुंतायचा. पाहुण्यांचे मोबाईल बाहेर निघाले. गोपालच्या कपाळावरून घाम ओघळला.

"भिला," तो म्हणाला. मग जरा थांबून, "भिला, काहीतरी कर ना भो."

हे शब्द कानात पडले तेव्हा भिलाला जे वाटलं ते पहिल्या पोराच्या बारशालाही वाटलं नव्हतं. त्याने सावकाश आपला गळ आत घेतला. पिशवीतून तीन तोंडांचा गळ काढून बांधला. पाहुणे बाजूला झाले. मनगटाचा हिसका बसला, गळ माशाच्या पलीकडे पडला, आणि त्याने हळू ओढला तसा गोपालच्या दोरीला, खोडाच्या पलीकडे, माशाच्या तोंडाजवळ अडकला.

"आते तुन्ही दोरी काप," भिला म्हणाला.

"काय?"

"काप. खोडले गुतेल शे. तू कापशी नही तवलोंग मासा निघत नही."

गोपालने भिलाकडे पाहिलं. सगळे बघत होते. चाकू दिनेशने पुढे केला. गोपालने आपल्या हाताने आपली दोरी कापली आणि त्याचा रॉड एकदम हलका होऊन सरळ झाला.

भिलाने मासा गाडवाटेवर आणला. मासा पळायचा, रील गायचं, दोरी बोटांत थरथरायची. तेवढ्या वेळापुरता भिला गोपालला विसरला, राग विसरला. बोटांना जे कळत होतं तेवढंच उरलं. मग मासा काठाला आला, आणि सगळं आठवलं.

तो गुडघाभर पाण्यात उतरला. मासा पाण्यातच धरला.

"काका, रुको, रुको! फोटो!" पाहुणे खाली धावले. गोपालही हात पुढे करून उतरला.

"गोपाल," भिलाने विचारलं, "सांग बरं यासले. मासा कोना शे?"

गोपाल तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

"मोठा आवाजमा सांग. गयी साल सांगना व्हता ना मले?"

"भिला, जाऊ दे ना आते..."

"सांग!"

तो असा ओरडला की वरच्या बांधावरून यात्रेला चाललेली दोन घोडी दचकली. पाहुणे जागच्या जागी थांबले. गोपालने मान खाली घातली आणि म्हणाला, "जो काढी त्याना."

भिलाने माशाच्या तोंडातून गोपालचा गळ सोडवला. मासा दोन्ही हातांनी पाण्यात सरळ केला, आणि एकाही मोबाईलला टिपता येण्याआधी सोडून दिला. शेपटीचा एक फटकारा बसला, गोपालच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाणी उडालं. भिलाने गळ गोपालच्या उघड्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटवली.

"गेल्या साली यांनी जो फोटो पाठवला होता," तो पाहुण्यांना म्हणाला, "त्या माशाच्या तोंडात गळ कुणाचा होता, ते विचारा यांना जेवताना."

मग त्याने सामान आवरलं, टोपली उचलली, आणि घरी येऊन सुंदरबाईला रस्सा करायला सांगितलं. त्या दिवशी तो पोटभर जेवला. वाटी पुसून घेतली.

पाहुण्यांनी जेवताना विचारलं की नाही, कळलं नाही. पण टपरीवर चिखलाचं नाव पुन्हा निघालं नाही. निघालं ते कापलेल्या दोरीचं. यात्रा उठली, घोडे गेले. गोपालने रॉड पिशवीत घालून माळ्यावर टाकल्याचं गावात झालं. एकदा लग्नात दोघं एका पंगतीत आले, तेव्हा गोपाल उठून दुसऱ्या रांगेत बसला.

आणि एका सकाळी जसोदाबाई भिलाच्या ओट्यावर आली. हातात केळीच्या वेफर्सची पिशवी. सुंदरबाईने चहा ठेवला.

"भिलाभाऊ," जसोदाबाई म्हणाली, "तुमना दोस्त नदीवर जातच नहीत आते. दिवसभर टीव्हीसमोर बठी ऱ्हातस. आंगोळीवरून मी इतला साल बोलनू, आते कोनाले बोलू? तुमी एक हाक मारा. ते येतीन."

भिला नखाने ओट्याची फट कोरत होता. जसोदाबाईने कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, हे त्याला माहीत होतं.

"वहिनी," तो शेवटी म्हणाला, "मन्हं मन अजून भरनं नही."

ती चहा न पिताच उठली. ती फाटकाबाहेर गेल्यावर सुंदरबाई म्हणाली, "केवढं मोठं शे हो तुमनं मन? भरतच नही."

भिलाने पिशवी उचलली आणि नदीवर गेला. जुना, मोडका बांबू कोठीत पडला होता. त्याला आता त्यात गोडी उरली नव्हती. दुपार टळायच्या सुमाराला त्याला मासा लागला आणि मान वळवली तर लांब, पंपाजवळच्या बांधावर, कुणीतरी उभं होतं. रिकाम्या हाताने. उभं राहायची ढब भिलाला आख्ख्या तालुक्यात ओळखू आली असती.

एक हाक पोचली असती. भिलाने ती मारली नाही. त्याने रीलची चकती जरा सैल केली, म्हणजे मासा पळेल तशी दोरी जास्त सुटेल आणि रील जास्त मोठ्याने गाईल. ते गात राहिलं. बांधावरचा माणूस तसाच उभा होता, ऐकत होता, आणि भिलाला गोड वाटत होतं. मासा काढून टोपलीत टाकल्यावर त्याने पुन्हा तिकडे पाहिलं. बांध मोकळा होता. तेव्हा त्याने गळाला नवी कणीक लावली आणि दोरी आणखी लांब फेकली.